एच.आय.व्ही. प्रतिबंध आणि आरोग्यसंवाद : सांगली जिल्ह्यात राहून संशोधक डॉक्टर होता येईल का?

हरिपूरकर (प्रश्न) :

नमस्कार. मी मूळचा सांगलीशेजारच्या हरिपूरचा. मिरजेत एम.बी.बी.एस. आणि इंटर्नशिप केली आणि सध्या जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतो. पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. घरच्यांच्या मते रेडिओलॉजी मिळाली तर सोन्याहून पिवळे. माझे मन मात्र सामाजिक वैद्यकशास्त्राकडे, त्यातही एच.आय.व्ही. प्रतिबंध आणि आरोग्यसंवाद या विषयांकडे ओढ घेते आहे, आणि त्याला एक प्रसंग कारण झाला. ओळख पटू नये एवढ्यापुरते त्यातले तपशील बदलून सांगतो.

आमच्या भागातली बरीच माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी परराज्यांत असतात, हे इथल्या वाचकांना ठाऊक आहेच. अशाच एका घरातील गरोदर स्त्रीची नोंदणीच्या वेळची एच.आय.व्ही. तपासणी ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारी, आली. पुढे तिची व तिच्या पतीची खात्रीची तपासणी झाली आणि दोघांनाही संसर्ग असल्याचे निष्पन्न झाले. पती दुकान भावाकडे सोपवून गावी आले होते. मी त्या दोघांना समोर बसवून वीस मिनिटे समजावले. विषाणू म्हणजे काय, सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी म्हणजे काय, व्हायरल लोड म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण किती खाली आणायचे, उपचार न घेतल्यास बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते आणि नीट घेतल्यास ती ५ टक्क्यांच्या खाली येते, असे सगळे मी कागदावर आकृत्या काढून सांगितले. आपण फार छान समजावले, असे मला मनातून वाटतही होते. शेवटी त्या गृहस्थांनी विचारले, “डाक्टर, मग ताट-वाटी येगळी ठेवायची का?”

मी गप्प झालो. बाजूला बसलेल्या आमच्या सिस्टर म्हणाल्या, “दादा, ताट एकच ठेवा, गोळी दोघांनी रोज घ्या आणि बाळंतपण दवाखान्यातच करा.” त्या बाईंनी पहिल्यांदा मान वर केली ती त्या वाक्याला.

तेव्हापासून दोन प्रश्न डोक्यातून जात नाहीत. माझी वीस मिनिटे वाया का गेली आणि सिस्टरांचे एक वाक्य का पोहोचले, याचा अभ्यास हे डॉक्टरचे काम मानले जाते का, की ‘जनजागृती’ म्हणून ते पथनाट्यवाल्यांवर सोडून द्यायचे असते? आणि आता रुग्ण कमी होत असताना, औषधे फुकट मिळत असताना, या विषयात पुढची तीस वर्षे घालवण्याजोगे काही उरले आहे का? अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगावे.

कृष्णाकाठ :

मी सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे आणि वाईला राहतो. आपला पहिला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण माझ्या अध्यापनाच्या काळात तो विचारणारे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

आपल्या सिस्टरांचे वाक्य आपण एकच म्हणता, पण त्यात तीन विधाने आहेत आणि प्रत्येकामागे कोणा ना कोणा संशोधकाची हयात गेली आहे. ‘बाळंतपण दवाखान्यातच करा’ हे घ्या. १९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधील एका चाचणीत गरोदर स्त्रियांना झिडोव्हुडीन हे विषाणूविरोधी औषध देऊन पाहिले, तेव्हा बाळांमधील संसर्गाचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. त्याआधी अशा स्त्रीला सांगण्यासारखे डॉक्टरकडे फारसे काही नव्हते. ‘गोळी रोज घ्या’ यामागे मायरन कोहेन या अमेरिकी डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली नऊ देशांत झालेला १,७६३ जोडप्यांचा अभ्यास आहे. एका जोडीदाराला संसर्ग आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी ही जोडपी होती. उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, हे त्यातून २०११ मध्ये सिद्ध झाले. त्या जोडप्यांपैकी काही आपल्या पुण्यातली आणि चेन्नईतली होती, ही गोष्ट आपल्याकडच्या वर्गांत कोणी सांगत नाही. आणि ‘ताट एकच ठेवा’ हे ज्ञान तर ऐंशीच्या दशकापासूनच आहे, पण ते ताटापर्यंत अजून पोहोचलेले नाही, हे आपणच पाहिले. आपण ज्याला संवाद म्हणता त्याचे संशोधन नेमके या ठिकाणी सुरू होते.

असे आयुष्य कसे दिसते, हे पाहायचे असेल तर डॉ. सुनीती सॉलोमन यांची वाटचाल अभ्यासा. त्या माहेरच्या गायतोंडे, म्हणजे चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. मद्रास मेडिकल कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. भारतात हा विषाणू नाहीच, असे जवळजवळ सगळे धरून चालले असताना त्यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी हाच विषय सुचवला. निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने जमवले. ते ठेवायला धड जागा नव्हती, म्हणून त्या बाटल्या त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये राहिल्या. एलायझा या रक्ततपासणीची सोय चेन्नईत नसल्यामुळे १९८६ च्या फेब्रुवारीत नमुने वेल्लोरला नेऊन तपासले आणि त्यांपैकी सहा पॉझिटिव्ह निघाले. भारतातील पहिले निदान ते हेच.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी सॉलोमनबाईंचे नाव राहिले असते. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. परीक्षानळ्या सांभाळणाऱ्या या बाई हळूहळू रुग्णांसमोर बसू लागल्या, आणि हे काम त्यांनी करू नये असे त्यांच्या घरीही वाटत होते. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय.आर. गायतोंडे केंद्र काढले. त्यात तपासणी, उपचार, समुपदेशन आणि संशोधन एका छपराखाली होते. वर कोहेन यांचा अभ्यास सांगितला, त्याचे चेन्नईतील केंद्र तेच. आणि त्याच ठिकाणी बाई संसर्गित मुलामुलींची लग्नेही जुळवत असत. वय, शिक्षण, जात या नेहमीच्या रकान्यांच्या जोडीला सीडी-४ चा आकडाही पाहिला जाई. २०१५ च्या जुलैत त्या गेल्या आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. प्रयोगशाळेतून निघून लग्नाच्या बैठकीपर्यंत गेलेला हा प्रवास मला कोणत्याही ‘करिअर मार्गदर्शना’पेक्षा अधिक शिकवतो.

आपल्याला जवळचे उदाहरण हवे असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे, म्हणजे ‘नारी’चे आहे. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या स्त्रिया देहविक्रय करत नव्हत्या, ज्यांपैकी बहुतेकींचा संबंध फक्त स्वतःच्या नवऱ्याशी होता, त्यांच्यात संसर्गाचे प्रमाण १३.६ टक्के आढळले. हा एक आकडा आल्यावर ‘एकनिष्ठ राहा, सुरक्षित राहा’ हा भिंतीवरचा संदेश निम्म्या लोकसंख्येसाठी फोल ठरला, कारण ती बाई एकनिष्ठच होती. संदेश चुकीचा आहे, हे रोगपरिस्थितीविज्ञानाने, म्हणजे रोग लोकांत कसा पसरतो याच्या शास्त्राने, दाखवून दिले, जाहिरातवाल्यांनी नव्हे. म्हणून या कामाला डॉक्टर लागतो.

जाता जाता एक. मराठीत लैंगिक आरोग्यावर मोकळेपणाने लिहिण्याची परंपरा एका डॉक्टरने नव्हे, गणिताच्या प्राध्यापकाने उभी केली. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, त्यापायी खटले सोसले आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. आम्हा वैद्यकीय लोकांनी या वारशाची घ्यावी तशी दखल घेतली नाही, याची मला अजूनही थोडी लाज वाटते.

समुपदेशिका_मिरज :

मी एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, बरीच वर्षे काम करते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे करिअरबद्दल काही सांगत नाही. मात्र शब्दांबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिला घोटाळा ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते की हा शब्द उच्चारून थांबायचे नाही. एकदा एका ड्रायव्हरदादांना रिपोर्ट पॉझिटिव्ह असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी हात जोडून “देवाची कृपा” म्हटले. पॉझिटिव्ह म्हणजे चांगले, हे ते टीव्हीवर ऐकत आले होते. त्यानंतर खरा अर्थ सांगताना माझी जी अवस्था झाली, ती मी विसरलेली नाही. आता मी म्हणते, “तुमच्या रक्तात एच.आय.व्ही.चा विषाणू आहे. यावर औषध आहे आणि ते इथेच, पैसे न देता मिळते.” आणि मग गप्प बसते. प्रशिक्षणात बोलायला भरपूर शिकवतात, पण ती दोन-तीन मिनिटे गप्प बसणे माझे मलाच शिकावे लागले.

दुसरा घोटाळा नवा आहे आणि तो आम्हीच निर्माण केला आहे. व्हायरल लोड तपासणीत विषाणू सापडत नसेल आणि उपचार नियमित चालू असतील, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता पक्के झाले आहे आणि ही बातमी देताना आम्हालाही आनंद होतो. पण ‘विषाणू सापडत नाही’ हे वाक्य रुग्णाच्या कानाला कसे लागते? सापडत नाही म्हणजे गेला. गेला म्हणजे बरे झालो. बरे झालो म्हणजे गोळी कशाला? माझ्यासमोर एक ताई सहा महिने औषध सोडून परत आल्या, आणि त्यांचे म्हणणे होते, “तुम्हीच म्हणालात की सापडत नाही म्हणून.” त्यांची काहीच चूक नव्हती. आम्ही वाक्य बदलत गेलो. सध्या मी म्हणते, “गोळीने विषाणूला झोपवून ठेवले आहे. तो झोपला आहे तोवर तुम्हाला त्रास देणार नाही आणि तुमच्या मालकांना लागणार नाही. गोळी थांबली की तो उठतो.” हे शास्त्राला धरून आहे का, हे डॉक्टरांनी सांगावे, पण हे ऐकल्यावर गोळी सोडून कोणी माझ्याकडे आलेले नाही. माझ्याकडे आलेले नाही, एवढेच मी म्हणू शकते. दुसरीकडे गेले असतील तर मला कसे कळणार? हरिपूरकर, आपल्याला अभ्यासाचा विषय हवा असेल तर हा घ्या.

आणखी एक गोष्ट, जी ओपीडीत टेबलाच्या पलीकडून दिसत नाही. औषध घेऊन बाहेर पडलेली माणसे लगेच एस.टी. स्टँडकडे जात नाहीत. काही जण जिन्याखाली थांबतात आणि बाटलीवरचे लेबल नखाने खरवडून काढतात. गोळ्यांची बाटली पिशवीत वाजते, म्हणून काही बायका आत कापूस भरतात. एका आजींनी तर सगळ्या गोळ्या हळदीच्या डब्यात ओतल्या होत्या, कारण त्या डब्याला घरात दुसरे कोणी हात लावत नसे. आम्ही मात्र भिंतीवर ‘गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा’ असे पोस्टर लावून मोकळे झालो होतो. कारण न विचारता लावलेले पोस्टर कोणासाठी असते, हे मला आजही कळलेले नाही.

आपल्या सिस्टरांना माझा नमस्कार सांगा. आणि ताटाचा प्रश्न विचारणाऱ्या त्या दादांवर रागावू नका. ते विषाणूबद्दल विचारत नव्हते. घरात आपली जागा कुठे राहील, एवढेच त्यांना विचारायचे होते.

भोसरी_ते_कराड :

मी कराडचा. सध्या पुण्यात एच.आय.व्ही. प्रतिबंधाच्या संशोधनात काम करतो. वरच्या दोन्ही प्रतिसादांनंतर मला मोजमापाबद्दल बोलावेसे वाटते, कारण ‘आरोग्यसंवाद’ हा शब्द ऐकला की आपल्याकडे पोस्टर, रॅली आणि १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनाची भाषणे एवढेच डोळ्यांसमोर येते.

संवाद फसल्यावर चांगले औषधही कसे फसते, याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘व्हॉइस’ या चाचणीचे आहे. डॉ. जीन मॅराझो यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वे येथील ५,०२९ स्त्रियांना संसर्ग टाळण्यासाठी रोज घ्यायच्या गोळ्या किंवा जेल देण्यात आले. विचारले असता आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या असता औषध घेण्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास दिसत होते. पण रक्त तपासले तेव्हा जेमतेम ३० टक्के किंवा त्याहूनही कमी नमुन्यांत औषध सापडले. साहजिकच चाचणीत कोणताही उपाय परिणामकारक ठरला नाही. पुढे समाजशास्त्रज्ञांनी त्याच स्त्रियांशी सविस्तर बोलून पाहिले, तेव्हा कळले की ही गोळी रुग्णांची गोळी म्हणून ओळखली जाते, ती घरात दिसली तर आपल्यालाच रोग आहे असे लोक म्हणतील, ही भीती मोठी होती. ताईंनी सांगितलेली खरवडलेली लेबले आणि कापूस भरलेल्या बाटल्या इथे आठवतात. ती भीती रुग्णांची होती आणि ही निरोगी स्त्रियांची, एवढाच फरक.

याच्या उलट आपल्या देशातले उदाहरण आहे. कोलकात्यातील सोनागाची या देहविक्रयाच्या वस्तीतल्या स्त्रियांची दुर्बार ही संघटना आणि म्हैसूरची अशोदया ही तशीच संघटना यांनी तशाच प्रतिबंधक गोळ्या १,३२५ देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना देऊन पाहिल्या. माहिती देणे, शंका ऐकणे, गोळी घेतली का हे विचारणे, ही सगळी कामे त्यांच्यातल्याच स्त्रियांनी केली, आणि गोळी घेण्याचे प्रमाण चांगले टिकले. दुर्बारच्या मुळाशी असलेले डॉ. स्मरजित जाना हे रोगपरिस्थितीविज्ञानाचे डॉक्टर १९९२ मध्ये सोनागाचीत संसर्गाची पाहणी करण्यासाठी गेले होते. गुप्तरोगांचा दवाखाना आणि निरोध एवढ्याने काम भागत नाही, पोलिसांचा त्रास, सावकाराचे व्याज आणि मुलांच्या शाळा यांचा विचार केल्याशिवाय निरोधचा आग्रह धरण्याइतकी ताकद त्या स्त्रीत येत नाही, हे त्यांनी तिथे बसून ओळखले आणि पुढचे आयुष्य त्यातच घालवले. २०२१ मध्ये ते कोविडने गेले.

मोजमापाची एक युक्तीही सांगतो, कारण तरुण संशोधकाला अशा गोष्टींतच रस वाटायला हवा. समोरासमोर बसून ‘मागच्या वेळी निरोध वापरला का?’ असे विचारले की बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. म्हणून कर्नाटकात मतदानकेंद्राची पद्धत वापरली गेली. दहा-बारा जणांचा गट बसवायचा, प्रत्येकापुढे आडोसा उभा करायचा, प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि ज्याने त्याने चिठ्ठी आपापल्या पेटीत टाकायची. कोणी काय टाकले हे कोणालाच कळत नाही, गटाचा हिशेब मात्र मिळतो. समोरासमोरच्या मुलाखतीत न येणाऱ्या कितीतरी गोष्टी अशा चिठ्ठ्यांतून बाहेर आल्या.

‘उरले आहे का’ या प्रश्नाबद्दल. २०२४ मध्ये लेनाकापाविर या सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनच्या आफ्रिकेतील चाचणीचे निष्कर्ष आले. इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ तरुण स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. औषधाच्या बाजूने याहून चांगला निकाल मागता येणार नाही. बाटली नाही, लेबल नाही, खुळखुळाट नाही. तरीही ते कोणाला द्यायचे, कोणत्या दवाखान्यात, कोणत्या नावाने आणि त्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाकडे शेजारचा कोणत्या नजरेने पाहील, हे सगळे प्रश्न उरतातच. पुढची तीस वर्षे पुरतील एवढे काम त्यात आहे.

मार्गाबद्दल थोडक्यात : सामाजिक वैद्यकशास्त्रात एम.डी. करावे, पण प्रबंधाचा विषय मार्गदर्शकांच्या कपाटातून न उचलता स्वतःच्या केंद्रातून घ्यावा. नंतर गुणात्मक संशोधनाचे शिक्षण जरूर घ्यावे, कारण एम.डी.त ते जवळपास नसते. संख्याशास्त्रावाचून या क्षेत्रात कोणी विचारत नाही आणि मुलाखत घेता येत नसेल तर संख्या कशाच्या मोजायच्या हेच कळत नाही. चेन्नईची राष्ट्रीय रोगपरिस्थितीविज्ञान संस्था, त्रिवेंद्रमचे अच्युत मेनन केंद्र, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि पुण्यातली आमची संस्था, जिचे नाव अलीकडे बदलले तरी लोक अजून ‘नारी’च म्हणतात, हे दरवाजे ठोठावून पाहावेत.

माणदेशी_माणूस :

सगळ्यांनी गोड बाजू सांगितली म्हणून थोडे कडू मी सांगतो. मी सातारा जिल्ह्यातला आहे आणि एच.आय.व्ही.च्या प्रकल्पांत क्षेत्रीय काम करून बाहेर पडलो आहे.

या क्षेत्रातील बहुतेक पदे कंत्राटी आहेत. समुपदेशक, तंत्रज्ञ, समन्वयक यांची दर वर्षी मुदतवाढीकडे डोळे लावून बसण्यात उमेद जाते. डॉक्टरला ही झळ कमी लागते, पण त्याचा प्रकल्प ज्यांच्या खांद्यावर उभा असतो त्यांना लागते, आणि प्रशिक्षित माणूस निघून गेला की वर ताईंनी सांगितलेले ‘झोपलेला विषाणू’ हे वाक्यही त्याच्याबरोबर जाते. ते कोणत्याही पुस्तिकेत नसते.

दुसरे म्हणजे पैसा देणाऱ्यांच्या अटी. अमेरिकी मदत घेणाऱ्या संस्थांनी वेश्याव्यवसायाविरुद्ध भूमिका जाहीर करावी, अशी अट २००३ च्या तिथल्या कायद्याने आली. सांगलीत १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेने ही अट मानली नाही आणि २००५ मध्ये तो निधी सोडला. ज्या स्त्रिया स्वतः निरोध वाटत होत्या, ज्यांनी ‘व्हॅम्प’ नावाची स्वतःची संघटना उभी केली होती, त्यांच्याविरुद्ध प्रतिज्ञेवर सही करून त्यांच्यातच काम कसे करणार? संशोधक म्हणून असे कागद आपल्याही टेबलावर येतील. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा आफ्रिकेत चालू असलेल्या कितीतरी चाचण्या मध्येच अडकल्या. आपला राष्ट्रीय कार्यक्रम मुख्यतः आपल्याच पैशावर चालतो, म्हणून निभावले.

तिसरे, आणि हे मला जास्त बोचते. कृष्णाकाठ सरांनी १९८६ चा अभ्यास सांगितला, तो मोठाच आहे. पण ते रक्त ज्या स्त्रियांचे होते त्या चेन्नईच्या सुधारगृहात ठेवलेल्या होत्या. आज आपण ज्याला समजून-उमजून दिलेली संमती म्हणतो, ती तेव्हा कोणी मागितली नव्हती. २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, तपासणीपूर्वी संमती आणि नंतर गुप्तता बंधनकारक केली. कायदा झाला तरी सवयी राहतात. एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या माझ्या ओळखीच्या माणसाच्या खाटेच्या पायथ्याशी लाल शाईने लिहिलेला तक्ता मी स्वतः पाहिला आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो वाचत होता. तिथल्या डॉक्टरांना एच.आय.व्ही.ची सगळी माहिती होती, त्यामुळे ‘माहिती दिली की वागणूक सुधारते’ असे कोणी म्हणाले की मला तो तक्ता आठवतो.

आणि कृपा करून सांगलीच्या गोकुळनगर या देहविक्रयाच्या वस्तीत आणखी एक प्रश्नावली घेऊन जाऊ नका. तिथल्या बायकांना आपले प्रश्न तोंडपाठ झाले आहेत.

कृष्णाकाठ :

माणदेशी यांचा संमतीबद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मी तो भाग गाळला, हे माझ्या पिढीचे वळण असावे. समुपदेशिका ताईंनी विचारलेल्या वाक्याबद्दल : ‘झोपवून ठेवला आहे’ हे शास्त्राला बऱ्यापैकी धरून आहे, कारण औषध चालू असतानाही विषाणू काही पेशींत सुप्त राहतो आणि औषध थांबवल्यावर बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांतच पुन्हा वाढू लागतो. हे वाक्य आणि पुस्तिकेतले वाक्य दोन गटांना सांगून, सहा महिन्यांनी दोन्ही गटांतील किती जण औषधावर टिकले आणि त्यांचा व्हायरल लोड किती आहे, हे पाहता येईल. नैतिक समितीची मान्यता लागेल आणि एकाच दवाखान्यात दोन गट केले तर बाकावर बसून लोक एकमेकांना सांगतील, म्हणून गट दवाखान्यांनुसार करावे लागतील. एम.डी.च्या प्रबंधाला हे जरा जड आहे. तरी पहिला टप्पा, म्हणजे रुग्णांना ‘सापडत नाही’ म्हणजे काय वाटते, एवढेच तीस-चाळीस मुलाखतींतून शोधणे, सहज होण्यासारखे आहे.

हरिपूरकर :

सर्वांचे मनापासून आभार. रेडिओलॉजीचा विषय घरात आज रात्री काढणार आहे. काय होईल ते होवो.

माणदेशी सर, प्रश्नावली घेऊन कुठेही जाणार नाही. ते ताट-वाटीचे गृहस्थ गेल्या आठवड्यात गोळ्या नेण्यासाठी आले होते, तेव्हा मी या वेळी आकृती काढली नाही. “घरी जेवायला कोण कोण बसता?” एवढेच विचारले. ते पाऊण तास बोलले. त्यांच्या आईने त्यांचा पेला वेगळा काढला आहे आणि तो रोज कोण घासते यावरून घरात अबोला आहे, हे मला तेव्हा कळले. पुढच्या वेळी त्यांना आईला बरोबर आणावेसे वाटत असेल तर त्यांनी तसे ठरवावे, असे सांगितले आहे. आईला काय सांगायचे आणि काय नाही, हेही तेच ठरवतील.

समुपदेशिका ताई, माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते. आपल्या वरिष्ठांची परवानगी मिळाली तर काही मंगळवार आपल्या खोलीत एका कोपऱ्यात बसून नुसते ऐकायची इच्छा आहे. चालेल का?

समुपदेशिका_मिरज :

परवानगीचा अर्ज आणा, मी वर पाठवते. मंगळवारी गर्दी बरी असते. पण पांढरा कोट घालून येऊ नका आणि वहीही आणू नका. प्रत्येक माणसाला मी आधी विचारणार की हे डॉक्टर इथे बसले तर चालेल का, आणि तो नको म्हणाला तर आपल्याला बाहेर बाकावर जाऊन बसावे लागेल. काही मंगळवार बाकावरच जातील. तिथेही ऐकण्यासारखे पुष्कळ असते.